फसणाऱ्याला काय हवं होतं?

दोन मांजरांची आणि माकडाची गोष्ट मी वर्गात पहिल्यांदा सांगितली तेव्हा मला शिकवायला लागून जेमतेम दोन वर्षं झाली होती. तिसरीचा वर्ग. लोण्याच्या गोळ्यावरून भांडणारी मांजरं, तराजू घेऊन न्यायनिवाडा करायला बसलेलं माकड, हे पारडं खाली गेलं की यातला घास तोंडात, ते खाली गेलं की त्यातला. मी रंगवून रंगवून सांगितली. हातांचा तराजू केला, गाल फुगवले, बोटं चाटली. मुलं हसून हसून बाकावर आडवी झाली. मग फळ्यावर लिहिलं, 'तात्पर्य : दोघांचे भांडण, तिसऱ्याचा लाभ'. मुलांनी ते वहीत उतरवून घेतलं आणि तास संपला.

दुसऱ्या दिवशी चित्रकलेच्या तासाला दोन मुलींचं तेलखडूंवरून वाजलं. दोघींत मिळून पेटी एक, तिच्यात निळे खडू दोन, एक लांब, एक आखूड. दोघींनाही लांबच हवा. तेवढ्यात मागच्या बाकावरचा एक मुलगा उठून आला. "थांबा, मी सारखे करून देतो." त्याने दोन्ही खडू शेजारी शेजारी धरले, लांब होता त्याचा तुकडा मोडून खिशात टाकला. आता दुसरा लांब झाला. मग त्याचा तुकडा. मी खोलीच्या दुसऱ्या टोकाला कुणाचं तरी चित्र बघत होते. वळून पाहिलं तोवर दोघींच्या हातात नखाएवढे निळे तुकडे उरले होते, त्या मुसमुसत होत्या आणि अर्धा वर्ग "माकड! माकड!" म्हणून टाळ्या पिटत होता.

मी त्याला रागावले. तो घाबरला नाही, गोंधळला. म्हणाला, "पण बाई, तुम्हीच तर लिहून दिलं होतं. तिसऱ्याचा लाभ."

वाक्य त्याने बरोबर वाचलं होतं. मी ते मांजरांच्या बाजूने लिहिलं, त्याने माकडाच्या बाजूने वाचलं, आणि कुणाच्या बाजूने वाचायचं हे त्यात कुठेच नव्हतं.

पुढची दोन-तीन वर्षं मी असल्या गोष्टींच्या वाटेला गेले नाही. प्रामाणिक लाकूडतोड्या, म्हाताऱ्याला रस्ता ओलांडून देणारा मुलगा, अशाच गोष्टी सांगत राहिले. मुलं शांतपणे ऐकायची, तात्पर्य लिहून घ्यायची आणि विसरून जायची. ससा, कोल्हा, माकड मात्र तीच मागून मागून घ्यायची. "बाई, लबाड कोल्ह्याची सांगा ना." मला हळूहळू जाणवलं की जे मूल घरात सगळ्यांत लहान, रांगेत सगळ्यांत बुटकं, ज्याला दिवसभर मोठी माणसं ऊठ म्हणाली की उठावं लागतं आणि बस म्हणाली की बसावं लागतं, त्याला सिंहाला विहिरीत पाडणारा ससा का हवा असतो हे वेगळं सांगायला नको. माणसांनी सगळीकडे अशा गोष्टी रचल्या आहेत. घानातल्या अकान लोकांचा अनान्सी कोळी, मलय मुलखातलं कांचिल नावाचं इवलंसं पिसोरी हरीण, युरोपातला रेनार्ड कोल्हा, उत्तर अमेरिकेतल्या मूळ रहिवाशांचा कोयोटी आणि डोमकावळा. मी त्या सांगायच्या की नाही, हा प्रश्नच चुकीचा होता. कशा सांगायच्या, हे शिकायला हवं होतं.

ते मला मुलांनीच शिकवलं. पंचतंत्रातली माकडाची आणि मगरीची गोष्ट चालू होती. तिथे माकडाचं नाव रक्तमुख आणि मगरीचं करालमुख. मुलांना ही नावं फार आवडतात, जिभेवर घोळवत बसतात. करालमुख मित्राला पाठीवर घेऊन निघालाय, पाण्याच्या मध्यावर त्याला सांगतोय की बायकोला तुझं काळीज हवंय, आणि रक्तमुख म्हणतोय, "अरे, मग आधी नाही का सांगायचं? काळीज तर मी जांभळाच्या ढोलीत ठेवून आलोय." तेवढ्यात एका मुलीने हात वर केला. "बाई, काळीज बाहेर काढलं तर माकड मरणार ना? मग करालमुखला खरं कसं वाटलं?"

'गोष्ट आहे ती,' असं म्हणून मी पुढे जाणार होते. पण मागून दुसरी एक मुलगी म्हणाली, "त्याला खरं वाटायला हवंच होतं. त्याला मित्राला मारायचं नव्हतं आणि बायकोलाही नाराज करायचं नव्हतं. माकड म्हणालं, काळीज ढोलीत आहे. मग दोन्ही जमलं असतं."

वर्ग गप्प. मीही गप्प. इतक्या वर्षांत ही गोष्ट मी कितीदा वाचली असेल, कितीदा सांगितली असेल. करालमुख मूर्ख आहे असंच मी धरून चालले होते. त्या दिवसापासून प्रत्येक लबाडीच्या गोष्टीत मी एकच प्रश्न विचारते, आणि तात्पर्य लिहिणं बंद केलंय ते कायमचं. प्रश्न असा : फसणाऱ्याला काय हवं होतं?

हा प्रश्न घेऊन जुन्या गोष्टींकडे गेलं की त्या वेगळ्याच दिसायला लागतात. विहिरीत उडी मारणाऱ्या भासुरक सिंहाला पोटाची भूक होतीच, पण जंगलात दुसरा राजा नको ही त्याहून मोठी भूक होती. सशाने तिलाच हात घातला. तोंडातला तुकडा टाकून गाणाऱ्या कावळ्याला कुणीतरी गोड गळ्याचा म्हणायला हवं होतं. युक्ती काय होती, हे मुलं चटकन सांगतात. ती नेमकी याच्यावरच का चालली, याला थांबून विचार करावा लागतो, आणि तो ती आनंदाने करतात.

काळजाचीच युक्ती कोरियातही आहे. तिथे माकडाच्या जागी ससा, मगरीच्या जागी कासव, आणि समुद्राच्या नागराजाच्या औषधासाठी हवं असतं सशाचं यकृत. मराठीत काळीज म्हणजे हृदयही आणि यकृतही, त्यामुळे मला दोन्ही गोष्टी एका शब्दात सांगता येतात, ही केवढी सोय! ही गोष्ट ११४५ साली लिहून झालेल्या 'सामगुक सागी' या कोरियन इतिहासग्रंथात येते, आणि येते तीही मजेशीर ठिकाणी. किम चुनचु नावाचा एक राजपुरुष परक्या राज्यात कैदेत पडलेला असतो, तिथला एक दरबारी त्याला सशाची ही गोष्ट सांगतो. बस, तेवढंच. ऐकणारा काय समजायचं ते समजतो, राजाला हवा असलेला प्रदेश परत मिळवून देण्याचं खोटं वचन देतो आणि सुटतो. चौथीच्या मुलांना हे सांगितलं तेव्हा एक मुलगा म्हणाला, "म्हणजे गोष्ट ही चिठ्ठी होती." मी तात्पर्य लिहून दिलं असतं तर हे वाक्य मला कधी ऐकायला मिळालं असतं?

सांगण्याची माझी एक पद्धत बसली आहे. युक्तीच्या अलीकडे थांबायचं. पुस्तक उघडं ठेवायचं नाही, चित्रं दाखवायची नाहीत, कारण चित्रात युक्ती आधीच फुटते. जातकातली माकडाचीच आणखी एक गोष्ट आहे. माकड रोज नदीतल्या एका खडकावर पाय देऊन बेटावर जातं. एका संध्याकाळी परतताना त्याला खडक नेहमीपेक्षा उंच दिसतो, कारण वर मगर दबा धरून बसलेली असते. इथे मी थांबते. "आता तुम्ही काय कराल?" दगड मारून बघू, दुसऱ्या वाटेने जाऊ, रात्रभर बेटावर बसू. सगळं ऐकून घ्यायचं, कशालाही हसायचं नाही. मग पुढे सांगायचं. माकड हाक मारतं, "ए खडका!" उत्तर नाही. पुन्हा हाक. उत्तर नाही. मग म्हणतं, "का रे खडका, आज बोलत नाहीस?" आणि इथे मी पुन्हा थांबते. या दुसऱ्या थांबण्यात पस्तीस मुलं एकाच वेळी श्वास धरतात ते ऐकू येतं. मग कुणीतरी हळूच म्हणतं, "रोज बोलतो असं वाटेल तिला." बोलक्या गुहेची कोल्ह्याची गोष्ट लगेच दुसऱ्या दिवशी सांगितली की मुलं पहिल्या हाकेलाच ओरडतात, "तीच युक्ती!" आणि आपण ती ओळखली याचा आनंद आठवडाभर पुरतो.

कासवाचा दिवस मात्र मी कधी विसरणार नाही. नायजेरियातल्या इग्बो लोकांची गोष्ट आहे. पक्ष्यांना आकाशात मेजवानीचं बोलावणं येतं. कासव एकेकाकडून पीस मागून पंख करतं आणि वाटेत सगळ्यांना सांगतं की मेजवानीला जाताना नवीन नाव घ्यायची रीत आहे. स्वतः नाव घेतं, 'तुम्ही सगळे'. ताटं मांडल्यावर ते यजमानांना विचारतं, हे कुणासाठी? यजमान म्हणतात, "तुम्हा सगळ्यांसाठी." झालं! पक्षी बघत बसतात आणि कासव जेवतं. पक्षी रागावून आपापली पिसं काढून घेतात. कासव पोपटाजवळ निरोप देतं की बायकोला सांग, अंगणात मऊ मऊ वस्तू पसर. पोपट सांगतो टणक टणक वस्तू पसरायला. म्हणून कासवाच्या पाठीवर त्या भेगा.

गोष्ट संपल्या संपल्या पहिल्या बाकावरची एक मुलगी उभी राहिली. "बाई, कासवाने चोरी केली. त्याचं नाव 'तुम्ही सगळे' होतं. यजमान म्हणाले 'तुम्हा सगळ्यांसाठी'. ते त्याचं नाव नाहीच."

लगेच एक मुलगा कासवाचा वकील होऊन उठला. "घोडा असतो, पण आपण 'घोड्यासाठी' म्हणतो. 'घोडासाठी' म्हणतं का कोणी? म्हणून काय घोडा बदलतो?"

"घोडा हे नाव नाही, तो प्राणी आहे. माणसाचं नाव बदलत नाही."

"बदलतं!"

"नाही बदलत! घ्या सगळ्यांची नावं!"

आणि त्यांनी खरोखर हजेरीपुस्तक मागून घेतलं. एक जण नाव वाचतोय, बाकीचे त्याला 'साठी' लावून म्हणतायत, एक मुलगी फळ्यावर दोन खाने आखून खुणा करतेय, 'बदललं' आणि 'नाही बदललं'. बहुतेक सगळी नावं जशीच्या तशी राहिली. मग ते खोलीतल्या वस्तूंकडे वळले. फळा, फळ्यासाठी. फूल, फुलासाठी. पाणी, पाण्यासाठी. शाळा, शाळेसाठी. या सगळ्या बदलल्या. फळ्यासमोर उभ्या उभ्या निकाल लागला : माणसाचं नाव सहसा बदलत नाही, म्हणून यजमान कासवाचं नाव घेत नव्हते, ते सगळ्यांना बोलावत होते, आणि कासव दोषी. सामान्यरूप हा शब्द त्यातल्या एकाही मुलाने तोवर ऐकला नव्हता. तो मी त्यांना पुढच्या आठवड्यात सांगितला तेव्हा त्यांच्या दृष्टीने ते 'कासवाचं व्याकरण' होतं, आणि अजूनही आहे. मूळ भाषेतली युक्ती मराठीत आणताना तिच्यात एक फट राहून गेली आणि मुलांनी ती नेमकी पकडली, याचा मला इतका आनंद झाला की घरी जाऊन मी तो फळ्याचा फोटो पुन्हा पुन्हा बघत बसले.

कांचिलची गोष्ट आम्ही दप्तरांवर खेळतो. नदीपलीकडे पिकलेली फळं आहेत, नदीत मगरी आहेत. कांचिल म्हणतो, राजाने तुमची मोजदाद करायला सांगितलंय, मेजवानी आहे, रांगेत या. मग एकेकीच्या पाठीवर पाय देत मोजत मोजत पलीकडे. वर्गात दप्तरांची रांग लावायची, एकाने मोजत उड्या मारायच्या. हीच युक्ती जपानच्या 'कोजिकी'त आहे, तो ग्रंथ सन ७१२चा. इनाबाचा पांढरा ससा 'वानी' नावाच्या जलचरांना सांगतो, तुमचं कूळ मोठं की माझं ते मोजू, रांग करा. पण कांचिल काठावर पोचून हसतो, आणि ससा शेवटच्या पाठीवर असतानाच बोलून जातो, "फसलात!" तो शेवटचा वानी त्याला धरतो आणि अंगावरची सगळी लव सोलून काढतो. वर वाटेने जाणारे ऐंशी देव, सगळे एकमेकांचे भाऊ, त्याला मुद्दाम चुकीचा उपाय सांगतात, खाऱ्या पाण्यात बुड आणि वाऱ्यावर पड. कातडी तडतडून फुटते. शेवटी त्यांचा धाकटा भाऊ येतो आणि सांगतो, गोड्या पाण्याने अंग धू आणि पाणकणसाच्या परागांत लोळ.

दोन्ही गोष्टी एकाच दिवशी सांगितल्या तर मुलं दोन शेवटांवर भांडतात, आणि ते भांडण फार मोलाचं असतं. काहींना वाटतं सशाला शिक्षा बरोबर मिळाली. काही म्हणतात, फसवल्याची शिक्षा नव्हतीच ती, घाई केल्याची होती, एक उडी थांबला असता तर सुटला असता. एका मुलाला फक्त ऐंशी भावांचा राग आला होता. "सशाने पलीकडे जायला फसवलं. त्यांना काय मिळालं?" खडूच्या तुकड्यांपासून मी ज्या प्रश्नाशी झगडत होते तो त्याने सरळ मांडला होता.

कारण नुसता 'फसणाऱ्याला काय हवं होतं' एवढाच प्रश्न पुरत नाही. फसणारा दुबळा असेल तर तो प्रश्न क्रूर होतो, जणू मांजरांचीच चूक. तिथे प्रश्न उलटा करायचा : फसवणाऱ्याला काय हवं होतं, आणि त्याला दुसरा रस्ता होता का? सशाला सिंहापुढे दुसरा रस्ता नव्हता. रक्तमुखाला पाण्याच्या मध्यावर नव्हता. माकडाला लोणी वाटताना होता. म्हणून आता मी क्रमही पाळते. आधी लहानाने बलवानाला चकवल्याच्या गोष्टी, भरपूर. मग बरोबरीच्यांना फसवल्याच्या. मग फसवणाराच अडकतो त्या, निळ्या रंगात पडलेला आणि कोल्हेकुई ऐकून न राहवल्याने ओरडून उघडा पडलेला चंडरव कोल्हा, परत घेतलेल्या पिसांचं कासव. मांजरांची गोष्ट अगदी शेवटी, तोवर मुलांकडे दोन्ही प्रश्न तयार असतात.

ज्यांच्या या गोष्टी आहेत त्यांच्याबद्दल दोन वाक्यं मी नेहमी सांगते. मला काट्यांच्या जाळीत टाकू नका म्हणून विनवणारा आणि तिथे टाकल्यावर 'मी जन्मलोच इथे' म्हणून पळणारा ससा अमेरिकेत गुलाम केलेल्या आफ्रिकी माणसांनी सांगितला, ज्यांना मालकापुढे तोंड उघडायची सोय नव्हती. हे कळलं की मुलं ती विनवणी निराळ्या आवाजात म्हणतात. नवाहो लोक कोयोटीच्या गोष्टी फक्त हिवाळ्यात सांगतात, म्हणून आम्हीही त्या थंडीपर्यंत राखून ठेवतो, आणि मुलं वाट बघतात.

एकदा एका मुलाची आई भेटायला आल्या. मुलाने धाकट्या भावाला "तुझ्या दुधात मुंगी आहे, बदलून आणतो" सांगून त्याचा पेला संपवला होता. "बाई, तुम्ही मुलांना खोटं बोलायला शिकवता," त्या म्हणाल्या. खूप काळजीने म्हणाल्या, भांडायला आल्या नव्हत्या. मी त्यांना वर्गात बसवून घेतलं. त्या दिवशी बोलक्या गुहेची पाळी होती. तास संपल्यावर मी त्यांना म्हटलं, खोटं बोलणं मुलांना आधीपासून येतं, कुणी शिकवावं लागत नाही. आपल्याशी कुणी खोटं बोलतंय हे ओळखणं मात्र शिकवावं लागतं. त्यांनी घरी जाऊन मुलाला एवढंच विचारलं, "तुला दुसरा रस्ता होता का?" त्याने म्हणे बराच वेळ विचार केला आणि सांगितलं, "मागायचं होतं."

त्याच वर्गात एक मुलगा होता, सगळ्यांचा हक्काचा. त्याचा खोडरबर, त्याचं शार्पनर, त्याचे स्केचपेन रोज कुणाच्या तरी दप्तरात जायचे. "आज तुझा पहिला नंबर, पण आधी रबर दे." तो द्यायचा, आणि नंबर कधी लागायचा नाही. मी ओरडून वस्तू परत मिळवून द्यायचे, दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. एकदा मी वर्गाला लिहायला सांगितलं, 'मी फसलो ती वेळ'. त्याच्या वहीत तीन ओळी होत्या. "मला माहीत होतं तो रबर परत देणार नाही. पण खेळायला घेतील असं वाटलं. मला खेळायचं होतं."

मी ते मोठ्याने वाचलं नाही. खाली फक्त लिहिलं, 'मी वाचलं. मला कळलं.' आणि त्यानंतर मधल्या सुट्टीत खेळाचे गट मुलांनी करायचे बंद केले, चिठ्ठ्या टाकून मी करायला लागले.

सत्राच्या शेवटी प्रत्येकाने घरून एक लबाडीची गोष्ट आणायची असते. त्याने आजीकडून उंदराच्या टोपीची आणली. सगळ्यांना येणारी, म्हणून आधी कुणी फारसं लक्ष दिलं नाही. चिंधी सापडलेला उंदीर, धोबी, शिंपी, गोंडे, मग राजवाडा. बाकावर हातांनी ठेका धरून तो म्हणत होता, "राजा भिकारी, राजा भिकारी, माझी टोपी घेतली, ढुम ढुम ढुमाक!" दुसऱ्यांदा सगळा वर्ग त्याच्याबरोबर बाक बडवायला लागला. राजा वैतागतो, टोपी परत द्यायला शिपायाला सांगतो, आणि तिथे हा थांबला. दोन्ही हात वर, बाकापासून वीतभर उंच. पस्तीस जोड हात तसेच हवेत.

"थांबा," तो म्हणाला. "आधी सांगा, राजाला काय हवं होतं?"

कुणी म्हणालं, टोपी. कुणी म्हणालं, लोकांनी भिकारी म्हणू नये. कुणी म्हणालं, झोप. तो मान हलवत राहिला, एकेकाकडे बघत, आणि हात काही खाली घेईना.